सुधारलेला संगणक बंद का पडतो? : पालक-विद्यार्थ्यांशी चार शब्द

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अशा मेळाव्यात वक्त्याने शिक्षणाचे महत्त्व, शिस्त, चारित्र्य अशा मोठ्या विषयांवर बोलावे अशी अपेक्षा असते. ते काम माझ्याहून अधिकारी मंडळींनी यापूर्वी केले आहे आणि पुढेही करतील. मी आयुष्यभर तांत्रिक विद्यालयाच्या कार्यशाळेत वायरिंग, रेडिओ आणि दूरचित्रवाणी संचांची दुरुस्ती शिकवली. निवृत्तीनंतर शेजारपाजारच्या मुलांचे संगणक उघडून पाहण्याचा नाद लागला. तेव्हा मला जे ठाऊक आहे तेवढेच सांगावे हे बरे. विषय अगदी घरगुती आहे. घरातल्या संगणकात नवा भाग बसवला आणि तेव्हापासून तो वारंवार बंद पडू लागला, तर काय करावे?

विषय लहान वाटेल, परंतु आज तो पुष्कळ घरांचा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीला मिळणारा नेहमीचा आधार संपला. नवा संगणक घ्यावा की आहे तोच सुधारून घ्यावा, हा प्रश्न त्यामुळे अनेकांपुढे आला. बेताच्या मिळकतीच्या घरात उत्तर ठरलेले असते. जुन्यातच नवी रॅम टाकावयाची, चकतीऐवजी एसएसडी बसवावयाची, आणि मुलाचा अभ्यासक्रम चित्रकामाचा असेल तर एखादे ग्राफिक्स कार्ड घालावयाचे. यात गैर काहीच नाही. पण नवा भाग घातल्यावर यंत्र बिघडले की घरात जे सुरू होते, ते मात्र गैर असते. म्हणून आधी एक हकीकत सांगतो.

एका घरातील हकीकत

आमच्या कोकणातीलच एक कुटुंब. वडिलांचे बंदराजवळ छोटे दुकान, थोरला मुलगा आखातात नोकरीला, मुलगी अंतर्गत सजावटीच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला. या शिक्षणात खोलीचे त्रिमितीय चित्र संगणकावर काढावे लागते, आणि तिचा जुना संगणक ते चित्र पुरे करावयास रात्र घ्यायचा. भाऊ रजेवर आला तेव्हा बहिणीसाठी आठ जीबीची रॅमची पट्टी आणि एक ग्राफिक्स कार्ड घेऊन आला. एका रविवारी संध्याकाळी त्याने दोन्ही बसवले आणि त्याच रात्री यंत्राच्या मूळ मांडणीत, म्हणजे बायोसमध्ये, वेगही वाढवून ठेवला. रात्रीचे काम वीस मिनिटांत होऊ लागले. सारे घर खूश झाले. भाऊ आठवड्याने परत गेला.

तिसऱ्याच दिवशी पडदा निळा झाला आणि यंत्र पुन्हा सुरू झाले. मग दर एक-दोन दिवसांनी हेच. कधी निळा पडदा, कधी एकदम अंधार. वडिलांनी ऐकले होते की असली कार्डे खेळ खेळण्यासाठी घेतात. त्यांनी निष्कर्ष काढला की पोरगी रात्री खेळ खेळते आणि म्हणून यंत्र बिघडते. मुलगी म्हणे मी काही केले नाही. पण घरात यंत्राला हात लावणारी तीच एक, तेव्हा आळ दुसऱ्या कोणावर जाणार?

संगणक एका दुरुस्तीवाल्याकडे गेला. त्याने न विचारता फॉरमॅट मारले. त्यात मुलीचे अर्धे झालेले प्रात्यक्षिक गेले, आणि दोन वर्षांपूर्वी वारलेल्या दादीची स्कॅन करून ठेवलेली छायाचित्रेही गेली. पैसे घेतले ते वेगळेच. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा निळा पडदा. दुसरा दुरुस्तीवाला म्हणाला, मदरबोर्ड गेला, प्रोसेसरसह बदलावा लागेल, १६,००० रुपये. वडिलांनी संगणकावर चादर टाकली आणि 'परीक्षेनंतर बघू' म्हणून विषय संपवला. प्रात्यक्षिक देण्यास सहा आठवडे उरले होते. मुलगी मैत्रिणीच्या घरी जाऊन तिचे काम आटोपल्यावर चित्रे काढू लागली.

मला बोलावले तेव्हा दारातच ती म्हणाली, "चाचा, मी खरंच काही केलं नाही." त्या वाक्याने मला यंत्राबद्दल काही कळले नाही, पण दुरुस्ती का करावयाची ते कळले.

माझी स्वतःची चूक

येथे मी मोठा शहाणा होतो असे समजू नका. पहिल्या दिवशी मी काय केले ते ऐका. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, ग्राफिक्स कार्ड काढले, सर्वांच्या सोनेरी टोकांवरून पांढरा मऊ खोडरबर हलकेच फिरवला, भुगा झटकला, धूळ उडवली, सर्व केबली घट्ट बसवल्या आणि यंत्र सुरू केले. कोकणच्या दमट हवेत टोकांवर थर चढतो, म्हणून हा उपाय पुष्कळदा लागूही पडतो. चार दिवस यंत्र सुरळीत चालले. मी 'दुरुस्त झाले' असे जाहीर करून टाकले आणि चहा-बिस्किटांचा मानही घेतला. पाचव्या दिवशी यंत्र पुन्हा बंद.

चूक कोणती? मी एका वेळी पाच गोष्टी केल्या. यंत्र सुधारले असते तरी कशामुळे ते कळले नसते, आणि सुधारले नाही तेव्हा काय निर्दोष आहे तेही कळले नाही. चार दिवस गेले आणि माहिती शून्य. कार्यशाळेत मुलांना जे शिकवीत होतो ते घाईत मीच विसरलो : एका वेळी एकच बदल. आजच्या व्याख्यानातील बाकी सर्व विसरलात तरी चालेल, एवढे चार शब्द लक्षात ठेवा.

आधी वही, मग पेचकस

दुसऱ्या खेपेस मी पेचकस घरीच ठेवला आणि तिला शंभर पानी वही आणावयास सांगितली. पाच रकाने आखले. तारीख व वेळ. यंत्र सुरू करून किती वेळ झाला होता. कोणते काम चालू होते. बंद कसे पडले : निळा पडदा, गोठून राहिले, की एकदम अंधार. पडद्यावर संदेश कोणता होता.

बारा दिवसांत सात नोंदी झाल्या. नुसत्या वाचून पाहिल्या तरी एक गोष्ट डोळ्यांत भरली. हे एक दुखणे नव्हते, दोन होती. चार वेळा निळा पडदा आला होता आणि प्रत्येक वेळी संदेश वेगळा होता. एकदा 'मेमरी मॅनेजमेंट', एकदा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', एकदा आणखी काही. हे केव्हाही होई, अगदी साधे पत्र टाइप करतानाही. उरलेल्या तीन वेळी संदेशच नव्हता, दिवा गेल्यासारखा अंधार आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू. हे फक्त त्रिमितीय चित्र पुरे होत असतानाच होई.

विद्यार्थी मित्रांनो, या दोन खुणा ओळखीच्या करून घ्या. निळ्या पडद्यावरचा संदेश दर वेळी बदलत असेल तर पहिला संशय रॅमवर घ्यावा. कारण रॅममधील एखादा अंक उलटला की त्या क्षणी तेथे ज्याचे काम चालू असेल तो प्रोग्रॅम कोसळतो, आणि ओरडतो तोही तोच. संदेश न देता यंत्र काळोखात गेले, तेही भार वाढल्यावर, तर वीजपुरवठा किंवा उष्णता यांकडे पाहावे. विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये अशा वेळी 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद सापडते. ती वाचून पुष्कळ जण वीजपुरवठ्याचा डबा बदलून टाकतात. वस्तुतः त्या नोंदीचा अर्थ एवढाच की यंत्र रीतसर बंद न होता बंद पडले. ते तर आपल्यालाही दिसलेले असते.

संदेश दिशा दाखवतो, निवाडा देत नाही. याचे अलीकडचे मोठे उदाहरण २०२४ सालचे आहे. इंटेल कंपनीच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही मेजावरील प्रोसेसरांवर खेळ वारंवार कोसळू लागले. पडद्यावर संदेश येई की ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपली. लोक साहजिकच कार्डाला दोष देऊ लागले. दोष प्रोसेसरमध्ये होता. त्याला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होते, असे कंपनीने जुलै २०२४ मध्ये मान्य केले. ऑगस्टपासून बायोसच्या मार्गाने दुरुस्ती देण्यास सुरुवात केली आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्याचे नाव पडद्यावर आले तो कसूरवार नव्हता.

पूर्वस्थितीवर परत या

वही भरल्यावर पहिले पाऊल उलटे टाकावयाचे असते. जे शेवटी बदलले ते सर्व पूर्ववत करावयाचे. नवी पट्टी काढली, कार्ड काढले, पडद्याची तार मदरबोर्डवरच्या जुन्या जागी लावली, बायोसची मांडणी मूळ स्थितीत नेली. बायोसमध्ये 'लोड डिफॉल्ट्स' असा पर्याय असतो, त्याने हे होते. आता प्रश्न असा की किती दिवस वाट पाहावयाची?

येथे बहुतेकांची घाई होते. एक दिवस नीट चालले की हायसे वाटते. परंतु जे यंत्र सरासरी दोन दिवसांनी बंद पडते ते एक दिवस नीट चालले यात नवल काय? माझा ठोकताळा असा की बंद पडण्यामध्ये सरासरी जेवढे अंतर असेल त्याच्या किमान तिप्पट काळ थांबावे. बिघाड अधूनमधून, कसाही येत असेल, तर नुसत्या नशिबाने तो तिप्पट काळ टळण्याची शक्यता शंभरात पाचाच्या आसपास असते. गणिताचे विद्यार्थी हे स्वतः ताडून पाहू शकतील. आमचे अंतर दोन दिवसांहून कमी होते. सहा दिवस पुरे होते, आम्ही आठ दिवस थांबलो. एकदाही बंद नाही.

त्या आठ दिवसांत, एक पैसाही खर्च न करता, १६,००० रुपये वाचले. जुना मदरबोर्ड, जुना प्रोसेसर आणि जुनी पट्टी आपापसांत सुखाने नांदत होती. मदरबोर्ड गेला हे खरे नव्हते.

रॅमची परीक्षा

नंतर एकेक भाग परत घातला. प्रथम रॅम, आणि तिच्यासोबत भावाने बायोसमध्ये ठेवलेली वेगाची मांडणीही. तपासणीसाठी 'मेमटेस्ट८६' नावाचा प्रोग्रॅम मोफत मिळतो. तो पेन ड्राइव्हवर घेऊन यंत्र त्यावरून सुरू करावयाचे. विंडोज मध्ये नसल्यामुळे तपासणी निर्भेळ होते. ते न जमले तर विंडोजमध्येच 'मेमरी डायग्नॉस्टिक' आहे, पण पहिली तपासणी अधिक कसोशीची. रात्री लावून झोपावे, निदान चार फेऱ्या पूर्ण होऊ द्याव्या. यात पस्तीस टक्क्यांवर पास अशी सवलत नाही. एक चूक निघाली तरी नापास.

जुनी पट्टी एकटी : निर्दोष. नवी पट्टी एकटी : निर्दोष. दोन्ही एकत्र : पहिल्या तासातच चुका. पट्ट्यांच्या जागा बदलून पाहिल्या, तरी तेच. आता सांगा, वाईट कोण?

कोणीच नाही. जुनी पट्टी २४०० वेगाची होती, नवी ३२०० ची. दोन वेगवेगळ्या पट्ट्या एकत्र बसवल्या तर मदरबोर्ड साधारणपणे दोघींना सावकाश चालणारीच्या वेगाने चालवतो. दोन बैल जुंपले की चाल मागे राहणाऱ्याची ठरते, तसे. पण भावाने बायोसमध्ये 'एक्सएमपी' हा वेगाचा पर्याय चालू करून ठेवला होता. त्यामुळे जुनीलाही नवीच्या वेगाने पळावे लागत होते. ती धापा टाकी आणि मध्येच अडखळे. आठवत असेल, फॉरमॅट मारूनही फरक पडला नव्हता. पडणार कसा? फॉरमॅटने चकती पुसली जाते, बायोसमधला वेग तसाच राहतो. पर्याय बंद केला, दोघी २४०० वर आल्या, रात्रभर चार फेऱ्या, एकही चूक नाही. खर्च शून्य.

रॅम घेताना आणखी दोन गोष्टी पाहा. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ या तीन वेगवेगळ्या जाती आहेत. त्यांचे व्होल्टेज अनुक्रमे १.५, १.२ आणि १.१ असे वेगळे, आणि पट्टीवरची खाचही वेगळ्या ठिकाणी असते, यासाठी की चुकीची पट्टी बसूच नये. बसत नसेल तर जोर लावू नका. दुसरे म्हणजे मदरबोर्डवर चार खोबणी असतील आणि पट्ट्या दोन, तर बहुतेक ठिकाणी प्रोसेसरपासून मोजून दुसरी व चौथी खोबण वापरावयाची असते. मदरबोर्डच्या पुस्तिकेत ते छापलेले असते. पुस्तिका फेकून देऊ नका.

विजेचा हिशेब

रॅम शांत झाली. मग कार्ड परत घातले. दुसऱ्याच संध्याकाळी, चित्र पुरे होत असताना, काळोख.

डब्याची बाजू उघडून वीजपुरवठ्याच्या डब्यावरील, ज्याला आपण एसएमपीएस म्हणतो त्यावरील, चिठ्ठी वाचली. मोठ्या अक्षरांत ४५० असे लिहिलेले. कोणीही म्हणेल, भरपूर आहे. पण खाली बारीक तक्त्यात बारा व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर होते. बारा गुणिले अठरा, म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांना मुख्यतः हीच बारा व्होल्टची वीज लागते. मोठा आकडा जाहिरातीचा, बारीक आकडा कामाचा. त्यात डबा सात वर्षांचा जुना. कार्ड मदरबोर्डच्या खोबणीतून जास्तीत जास्त ७५ वॅट घेऊ शकते, बाकीची वीज वेगळ्या तारेने द्यावी लागते. या डब्याला ती तारच नव्हती, म्हणून भावाने दोन जुन्या जोडण्या एकत्र करणारा अडॅप्टर लावला होता. एरवी सारे निभावत होते. चित्राच्या शेवटी प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकदम जोरात लागली की मागणी मर्यादेला टेके आणि डबा मान टाकी.

तरीही मी लगेच 'डबा बदला' म्हटले नाही, एकदा हात पोळला होता. शेजारच्या मुलाचा चांगला डबा आठवडाभर मागून आणला. बाकी काही न बदलता तेवढाच बदलला. त्या आठवड्यात तिने मुद्दाम एकामागून एक अकरा चित्रे पुरी केली. काळोख नाही. मग ३,२०० रुपयांचा नवा डबा घेतला, कार्डाला पुरेसा आणि योग्य तार असलेला. प्रात्यक्षिक देण्यास चार दिवस उरले होते.

धोक्याचा एक शब्द येथेच सांगतो. एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. तार काढल्यावरही आतील कॅपॅसिटरमध्ये घातक वीज साठून राहते. संगणकाचा मोठा डबा उघडण्यापूर्वी तार भिंतीतून काढा, सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरा, आणि भागांना हात लावण्याआधी डब्याच्या उघड्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगावरील स्थिर वीज निघून जाईल. तसेच घरातील तीन पायांच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे काय, हे वायरमनकडून एकदा पाहून घ्या. पुष्कळ घरांत तिसरे भोक नुसते शोभेचे असते.

बाकीचे संशयित

प्रत्येक घरी रॅम आणि वीजच दोषी निघेल असे नाही. म्हणून इतरांची नावे थोडक्यात सांगतो. पहिली उष्णता. नवे कार्ड घातले की डब्यात गरमी वाढते, आणि घाईत सोडलेली एखादी केबल पंख्यात अडकते. यंत्र सुरू केल्यावर ठराविक वेळानेच बंद पडत असेल तर आधी पंखे फिरतात काय ते पाहा आणि धूळ काढा. दुसरा संशयित ड्रायव्हर. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर राहून गेला असेल तर नव्याशी त्याचे पटत नाही. यंत्र 'सेफ मोड'मध्ये दिवसभर चालते आणि एरवी कोसळते, असे असेल तर जुना ड्रायव्हर काढून नवा घालावा. तिसरा संशयित चकती किंवा तिची सैल केबल. विशेषतः फायली उघडताना यंत्र गोठत असेल तेव्हा, आणि अशा वेळी सर्वांत आधी फायलींची प्रत काढावी. बायोस अद्ययावत करणे हा उपाय शेवटी ठेवा. ते चालू असताना वीज गेली तर मदरबोर्ड खरोखरच निकामी होऊ शकतो. यूपीएस नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

हे सर्व ऐकून एखादा विद्यार्थी म्हणेल, एवढा वेळ कोणाला आहे? त्याला मी एका गणिताच्या प्राध्यापकाचे उदाहरण देतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात लिंचबर्ग कॉलेजात टॉमस नाइसली हे जोडमूळसंख्यांवर संशोधन करीत होते. मार्च १९९४ मध्ये त्यांनी आपल्या संगणकांच्या ताफ्यात नव्या पेंटियम प्रोसेसरचे यंत्र घेतले. जूनमध्ये बेरजा जुळेनाशा झाल्या. यंत्र बंद पडत नव्हते, चुकीचे उत्तर देत होते, हे तर अधिक वाईट. प्रथम त्यांनी आपल्याच प्रोग्रॅमवर संशय घेतला, मग मदरबोर्डवरील इतर चिपांवर. एकेक बाजूला करीत ऑक्टोबर उजाडला. तेव्हा उरला तो पेंटियम. काही विशिष्ट भागाकार तो चुकीचे करीत होता. त्यांनी कंपनीला कळवले, इतरांना पडताळा घेण्यास सांगितले, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात कंपनीला मागेल त्याला प्रोसेसर बदलून द्यावा लागला. त्यासाठी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. एका शिक्षकाच्या चार महिन्यांच्या चिकाटीने एवढ्या मोठ्या कंपनीची चूक उजेडात आली. त्यांनी प्रथम स्वतःची चूक शोधली, हे विशेष लक्षात घ्या.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना विनंती

आता शेवटाकडे येतो. प्रात्यक्षिक वेळेवर गेले, मुलगी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. नवा डबा बसवला त्या संध्याकाळी तिचे वडील मला दारापर्यंत सोडावयास आले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, पोरीला उगाच बोललो." मी म्हटले, ते मला सांगू नका, तिला सांगा. त्यांनी सांगितले की नाही हे मी विचारले नाही. पण पुढच्या वेळी गेलो तेव्हा संगणकावर चादर नव्हती आणि शेजारी ती वही ठेवलेली होती.

हिशेब मांडला तर असा दिसतो. मुलीने काही केले नव्हते. भावाने आणलेल्या दोन्ही वस्तू अस्सल होत्या. जुना मदरबोर्ड धडधाकट होता. दोष होता तो एका चुकीच्या मांडणीचा आणि एका थकलेल्या डब्याचा. तो शोधावयास सहा आठवडेही लागले नाहीत, आणि मुलीवर आळ घ्यावयास एक संध्याकाळ पुरली होती. दादीची छायाचित्रे मात्र परत आली नाहीत. तेवढे नुकसान कोणत्याही दुरुस्तीने भरून निघाले नाही.

म्हणून पालकहो, तीन गोष्टी. यंत्र बिघडले तर मुलाला 'काय केलेस?' असे विचारू नका, 'काय झाले?' असे विचारा. पहिल्या प्रश्नाला मूल गप्प बसते, दुसऱ्याला माहिती देते, आणि दुरुस्तीला लागते ती माहितीच. दुसरी गोष्ट, दुरुस्तीला देताना कागदावर लिहून द्या की न विचारता फॉरमॅट करू नये, काढलेला जुना भाग परत द्यावा आणि पावती द्यावी. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही. तिसरी गोष्ट, यंत्र तक्रार करू लागले त्याच दिवशी फायलींची आणि छायाचित्रांची प्रत दुसरीकडे ठेवा. खरे तर त्याआधीच ठेवा.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठीही तीनच. नवे भाग दोन आणलेत तर एक आज बसवा, दुसरा आठवड्याने. वही ठेवा. आणि आपली चूक असेल तर तीही वहीत लिहा, कारण लपवलेली नोंद सर्वांत जास्त दिवस वाया घालवते. मुलींना विशेष सांगणे की पेचकस हा काही केवळ मुलांनी हाती धरावयाचा नाही. ज्या मुलीची हकीकत सांगितली तिने मागच्या महिन्यात शेजारणीच्या मुलाचा संगणक दुरुस्त केला. मला बोलावले नाही. मला त्याचा फार आनंद झाला.

मित्रहो, संगणक हे एक निमित्त आहे. जेव्हा काही बिघडते तेव्हा जवळ दिसणाऱ्या माणसाला दोष देणे सर्वांत सोपे असते. थांबावे, लिहावे, पूर्वस्थितीला जावे, एकेक गोष्ट पारखावी आणि मगच बोलावे, ही सवय यंत्रापुरती लागली तरी पुष्कळ झाले. पण मला वाटते, एकदा लागली की ती यंत्रापुरती राहत नाही.